एका गोळीचे तीन भाव

आमच्या दुकानात एका गोळीचे तीन भाव होते. कारखान्यातल्या साहेबाला एक, कामगाराला दुसरा आणि डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईला तिसरा. गोळी तीच, बाटली तीच, देणारा हातही तोच. ही लूट म्हणावी, तर साहेबाला सगळ्यात महाग आणि पाटीवालीला सगळ्यात स्वस्त पडे. परोपकार म्हणावा, तर पगाराच्या आठवड्यात कामगाराचा भाव हळूच वर सरकून साहेबाच्या भावाला टेकत असे. दुकानाचे मालक विष्णुशेठ याला ‘माणूस ओळखणं’ म्हणत.

दुकान खोपोलीच्या बाजारात होतं आणि हे सगळं सत्तरच्या दशकातलं आहे. मी तिथे फार्मासिस्ट होते. वडील रेल्वेत गँगमन, घर कर्जतला. मुंबईत मावशीकडे राहून मी फार्मसीचा डिप्लोमा केला. औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट असलाच पाहिजे, त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय औषध गिऱ्हाइकाच्या हाती जाता कामा नये, असा कायदा आहे. विष्णुशेठना फार्मासिस्ट नको होता, सर्टिफिकेट हवं होतं. पहिल्याच भेटीत म्हणाले, “गायकवाडबाई, सर्टिफिकेट भिंतीला टांगू. तुम्ही कशाला रोज कर्जतहून हेलपाटा घालता? पगार घरपोच येईल.”

मी म्हटलं, “शेठ, सर्टिफिकेटला डोस सांगता येत नाही.”

त्यांनी जरा विचार केला आणि मला एक स्टूल दिलं.

त्या स्टुलावर मी बरीच वर्षं बसले. सुरुवातीला लोक मला ओलांडून आत बघत आणि विचारत, “बाई, मानूस कुठाय?” माणूस म्हणजे शेठ. पुढे सवय झाली. काही घरं अशीही होती की माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नसे, गोळी चालत असे. गोळीबरोबरचं पाणी ते समोरच्या चहावाल्याकडे जाऊन पीत. औषध लागू पडे.

औषधाच्या भावाचं गणित बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. खोक्यावर किंमत छापलेली असते. तेव्हा तिच्याखाली ‘स्थानिक कर वेगळे’ असंही छापत. हे कर किती वेगळे, ते दुकानदार सांगेल तितके. शिवाय गरीब माणूस अख्खं खोकं घेतच नसे. त्याला चार गोळ्या हव्या असत. आम्ही पट्टी कापून किंवा बाटलीतून काढून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देत असू. खोकं आमच्याकडे राही आणि किंमतही खोक्याबरोबर आमच्याकडेच राही. दुकानात दरांची यादी लावा, असा सरकारचा हुकूम होता आणि शेठनी तो पाळलाही होता. यादी इंग्रजी होती आणि कपाटाच्या मागे खिळ्याला होती. अलिबागहून आलेल्या इन्स्पेक्टरांनी “लोकांना दिसेल अशी लावा” म्हटल्यावर शेठनी ती बाहेरच्या बाजूला, छताच्या जरा खाली लावली. पाल सोडली तर ती कुणालाच वाचता येत नसे.

मराठी दरांचा फळा लागला तो एका भांडणामुळे. एकाच कारखान्यातल्या दोन कामगारांनी एकाच दिवशी एकच औषध नेलं. एकाच्या पायात बूट होते, दुसऱ्याच्या पायात स्लिपर. समोरच्या चहाच्या दुकानात दोघांनी पुड्या शेजारी ठेवल्या आणि भाव ताडून पाहिला. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर युनियनचा माणूस होता आणि त्याच्यामागे बरीच गर्दी.

युनियनवाल्याने आवाज चढवला नाही. त्याने पुड्या काउंटरवर ठेवल्या आणि विचारलं, “खरा भाव कंचा?”

शेठ म्हणाले, “तेव्हाचा माल वेगळा होता.”

“सकाळचा आन् दुपारचा?”

शेठनी माझ्याकडे बघितलं. “गायकवाडबाई, समजावून सांगा यांना.”

मी खोकं काढलं, छापलेला भाव वाचला, कर मिळवला आणि आकडा सांगितला. तो दोघांनी दिलेल्या पैशांपेक्षा कमी होता. युनियनवाला म्हणाला, “बाई, ह्ये समद्यांना दिसंल असं मराठीत लिवा. नायतर आमी कर्जतवरनं औषद आनू.” विष्णुशेठना अब्रू गेल्याचं फारसं वाटलं नसावं. गिऱ्हाईक कर्जतला जाईल, हे मात्र लागलं.

फळा मी लिहून दिला आणि नंबरप्लेटी रंगवणाऱ्या पेंटरने रंगवला. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यात तीन रकाने होते. औषधाचं नाव, एका गोळीचा किंवा बाटलीचा भाव आणि औषध कशावरचं ते. हा शेवटचा रकाना माझी कल्पना होती. नाव वाचून लोकांना काय कळणार, असं मला वाटलं. शेठ म्हणाले, “रोगांची नावं दारावर लिहायची? गिऱ्हाईक येईल का पळेल?” पण त्यांची बाजू त्या आठवड्यात पडती होती. पेंटरने वर औषधविद्येची खूण म्हणून पेला आणि साप काढला. साप गांडुळासारखा दिसत होता. ते पुसायचे वेगळे पैसे पडले असते, म्हणून राहू दिलं.

फळ्यामुळे लोक शहाणे होतील असं मला वाटलं होतं. ते झाले, पण मी धरलेल्या दिशेने नाही. एक म्हातारबाबा फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “ही द्या.”

“बाबा, ती जंतांची गोळी आहे. तुम्हाला काय होतंय?”

“गुडगा दुकतो.”

“मग ती कशाला?”

“समद्यांत स्वस्त हाय. आन् जंत कुनाला नसतात?”

कॉलनीतल्या एका साहेबांच्या पत्नी आल्या त्या नेमक्या उलट्या वाटेने. खोकल्याच्या औषधाचा भाव वाचून त्या नाराज झाल्या. म्हणाल्या, “हे तर आमच्या मोलकरणीनं नेलं. ह्यांच्यासाठी जरा महाग असेल ते द्या.” मी त्यांना तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या रंगाचं दिलं. ते दुपटीने महाग होतं. साहेबांना लवकर उतार पडला असं त्या पुढच्या वेळी सांगून गेल्या.

हे असं चालू असताना यमुनाबाई आल्या.

यमुनाबाई साजगावच्या. सकाळी बाजारातल्या हॉटेलांना दूध घालायच्या आणि रिकामी बरणी घेऊन आमच्याकडे यायच्या. त्यांच्या मुलीला, सुलीला, लहानपणापासून फिट यायची. डॉक्टरांनी रोज एक गोळी बांधून दिली होती. ती चुकवायची नाही, एवढंच तिचं पथ्य. शेठ स्वतः उठून त्यांना गोळ्या द्यायचे आणि पैसे घ्यायचे. त्यांना ते छापील भावापेक्षा पुष्कळ कमी लावतात, हे मला ठाऊक होतं. यमुनाबाईंना ठाऊक नव्हतं. शेठ सांगत नसत.

त्या दिवशी सुली बरोबर होती. अकरा-बारा वर्षांची असेल. तिला वाचता येत होतं आणि नवं काही दिसलं की मोठ्यानं वाचायची खोड होती. तिने फळा वरपासून खाली वाचला आणि म्हणाली, “आये, हितं जास्ती लिवलंय गं.”

यमुनाबाईंनी शेठकडे पाहिलं. शेठ फळा लागल्यापासून घुश्शात होते. ते जागचे उठले नाहीत. म्हणाले, “फळ्यावर आहे तोच भाव. सगळ्यांना एकच. आता तसा नियमच झालाय. बाईंना विचारा.”

मी शेठना हळूच म्हटलं, “शेठ, लिहिलेल्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा नियम आहे. कमी घ्यायला कुणी अडवलेलं नाही.”

तेही तितक्याच हळू म्हणाले, “आज यांना कमी दिलं तर उद्या सगळा बाजार कमी मागेल. आता लपून काही राहत नाही ना.”

हे खोटं नव्हतं. भाव झाकलेला होता तोवर त्यांची लबाडीही झाकलेली होती आणि दयाही. फळ्याने दोन्ही उघड्यावर आणल्या आणि शेठनी दोन्ही बंद केल्या. यमुनाबाईंनी पदराची गाठ सोडली, जेवढे पैसे होते तेवढ्याच गोळ्या घेतल्या आणि मुलीला घेऊन गेल्या. मला ते खटकलं. पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा शेठ जागेवर नसताना बोलू, असं मी ठरवलं.

पुढची वेळ लांबली. घरी यमुनाबाई गोळीचे दोन तुकडे करून देत होत्या, नंतर एक दिवसाआड देऊ लागल्या, हे मला मागाहून कळलं.

सुली वीजघराच्या पाटावर धुणं धुवायला गेली होती. तिथं पाण्याला ओढ असते. कपडे पिळता पिळता तिला फिट आली आणि ती पाण्यात गेली. शेजारी धूत असलेल्या दोघी बायकांनी तिला केसांना धरून ओढून काढलं. कपाळ दगडावर आपटून फुटलं होतं. ही बातमी आमच्याकडे चहावाल्याने आणली. ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, “दूधवालीची पोर बुडता बुडता वाचली. गोळ्या सोडल्या व्हत्या म्हनं.”

फळा लावणं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या दुपारी मला त्याच्याकडे बघवेना. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, “शेठ, मी साजगावला जाऊन येते.” शेठनी शटर ओढलं. भर बाजाराच्या वेळी दुकान बंद झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. टांगा करून आम्ही दोघं साजगावला गेलो.

सुली ओटीवर घोंगडीवर पडली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. यमुनाबाईंनी आम्हाला बसायला पाट दिले आणि चहा टाकला. मला शेठच्याच जोडीचा कप मिळाला, हे मी पाहिलं. असं बघून ठेवायची तेव्हा सवय होती.

चहा देऊन त्या म्हणाल्या, “तुमी कशाला तसदी घेतली? मी तुमाला बोल लावत नाय. भाव वाडतातच. दुदाचा नाय का वाडत?”

शेठ कपात बघत राहिले. मग मीच सांगितलं. “यमुनाबाई, भाव वाढला नव्हता. पहिल्यापासून तेवढाच होता. शेठ तुम्हाला कमी लावत होते.”

त्या एकदम उठून उभ्या राहिल्या. एवढा वेळ मुलीच्या अपघाताचं सांगतानाही त्यांचा आवाज चढला नव्हता, तो आता चढला. “म्हंजी इतकी वर्सं मला भीक घालत व्हता? मी काय हात पसरला व्हता तुमच्याम्होरं?”

शेठ म्हणाले, “तसं नाही, यमुनाबाई. पोरीचं औषध होतं.”

“मग सांगायचं व्हतं. मी दूद जास्ती घातलं असतं. आन् बंद केलंत तवाबी सांगायचं व्हतं. मला वाटलं, समद्यांनाच म्हाग झालं. म्हागाई हाय म्हनून मी आर्दी आर्दी दिली.”

सुली घोंगडीवरून म्हणाली, “आये, गोळी द्यायला आलेत ना ते? घे की मग.”

शेठनी खिशातून पुडी काढली. ती त्यांनी शटर ओढायच्या आधी बांधून घेतली होती, हे मलाही माहीत नव्हतं. यमुनाबाईंनी पुडी घेतली, आत गेल्या आणि फळ्यावरचा पुरा भाव आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. शेठनी तो निमूटपणे उचलला. न उचलून त्यांना तिथून निघता आलं नसतं.

हा भाव त्यांना रोजचा झेपणार नव्हता, हे तिघांनाही दिसत होतं. मी म्हटलं, “एक वाट आहे. हेच औषध साध्या डब्यातही येतं, कंपनीच्या भारी नावाशिवाय. ते खूप स्वस्त पडतं. पण डॉक्टरांनी तसं लिहून दिलं पाहिजे. मी आपल्या मनाने बदलू शकत नाही.”

डॉक्टर खोपोलीतले जुने, तोंडाने फटकळ. दुसऱ्या दिवशी मी यमुनाबाईंना घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी यमुनाबाईंना गोळी तोडल्याबद्दल सडकून बोलून घेतलं. मग मला म्हणाले, “नाव असलेली गोळी मी वीस वर्षं देतोय. तिची मला खात्री आहे. डब्यातल्या गोळीची खात्री कोण देणार? तुमचा शेठ?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. हलका माल बाजारात येत असे आणि फिटच्या आजारात हलक्या गोळीला माफी नसते. मी म्हटलं, “डबा आणून दाखवते. कुणाचा आहे, कधीचा आहे, ते तुम्ही बघा. पटला तरच लिहा.” त्यांनी डबे पाहिले, दोन नाकारले, तिसऱ्यावर म्हणाले, “महिनाभर बघू. मुलीला एक जरी झटका आला तरी परत जुनी गोळी, आणि पैसे तुमचा शेठ देईल.”

झटका आला नाही. साध्या गोळीचा भाव शेठ पूर्वी लावत त्याच्या किंचित वर होता. यमुनाबाई तो मोजून देत आणि शेठ मोजून घेत. फळ्यावर त्या गोळीची नवी ओळ आली. पुढे इतर औषधांच्याही अशा ओळी आल्या. साहेबांच्या पत्नींनी त्या कधी वाचल्या नाहीत.

सात-आठ वर्षं गेली. सुली शिवण शिकली, कपाळावरची खूण कुंकवाच्या वर नेमकी दिसायची. एक दिवस यमुनाबाई दूध घालून आल्या आणि बरणी खाली ठेवून म्हणाल्या, “बाई, फळ्यावरची रोगांची नावं पुसा.”

“का हो?”

“मी कंच्या वळीपुडची गोळी न्हेते, ते बाजारात समद्यांना दिसतं. सुलीला मागनी यायला लागलीय.”

ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. भाव उघडे करताना मी माणसंही उघडी केली होती. फक्त ‘फिट’ हा शब्द पुसला असता तर ती मोकळी जागाच बोलकी झाली असती, म्हणून अख्खा रकाना पुसायला सांगितला. तोच पेंटर आला. रिकाम्या जागेत त्याने न विचारता फुलांची वेल काढली. शेठ म्हणाले, “आता हे खानावळीसारखं दिसतंय.”

सुलीला आलेली मागणी शेलूकडची होती. मुलगा टेंपो चालवायचा, दत्ता नाव. त्याचा मामा एका सकाळी दुकानात आला, इकडचं तिकडचं बोलला, आल्याची वडी मागितली, जी आम्ही ठेवत नव्हतो. मग काउंटरवर वाकून म्हणाला, “बाई, साजगावची ती दूदवाली. ती हितनं कसलं औषद न्हेते वो?”

“आमच्याकडे भाव कुणालाही सांगतात. गिऱ्हाइकाचं काही सांगत नाहीत.”

“आवो, घरचाच मानूस हाय. सोयरीक व्हायचीय.”

“तुम्ही गेल्या महिन्यात मलम नेलंत. ते कशासाठी, हे मुलीकडच्यांनी विचारलं तर सांगू का?”

मामा सरळ उभा राहिला. आल्याच्या वडीचंही त्याने पुन्हा विचारलं नाही.

मी यमुनाबाईंच्या कानावर घातलं. त्या घाबरल्या. म्हणाल्या, लग्न होईस्तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, गोळ्या मीच नेत जाईन, मग पुढचं पुढे. त्यानंतर दोनच दिवसांनी सुली एकटी आली. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली.

“ताई, मी दत्ताला सांगू का?”

“आई काय म्हणते?”

“आई नाय म्हनते. सांगितलं तर सोयरीक मोडंल म्हनते.”

“मोडेलही.”

“न सांगता गेले तर गोळी कुटं लपवू? रोज घ्यायची हाय. सासूच्या घरात चोरासारखी खाऊ?” तिने कपाळावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. “मागं एकदा लपवालपवीनंच बुडले मी.”

मी काउंटरच्या आत होते आणि ती बाहेर. सल्ला देणं सोपं होतं, पण लग्न माझं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं. पण त्यानंतर जे होईल ते तुला सोसावं लागेल, मला नाही.” तिने मान हलवली आणि गेली.

पुढचे काही दिवस यमुनाबाई दूध घालून परस्पर जात होत्या. आमच्याकडे वळत नव्हत्या. शेठ दर सकाळी चष्मा कपाळावर सरकवून रस्त्याकडे बघत आणि मग उगाच माझ्यावर चिडत. “तुम्हीच काहीतरी भरवलं असणार तिच्या डोक्यात,” असं दोनदा म्हणाले.

मग एका संध्याकाळी दुकानासमोर टेंपो थांबला. खाकी शर्ट घातलेला एक उंच पोरगा उतरला आणि त्याच्यामागून सुली. ती फळ्यापाशी थांबली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि त्याला म्हणाली, “ही.”

तो ओळ वाचत होता. शेठ गल्ल्यावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“रोज एक?” त्याने मला विचारलं.

“रोज एक. चुकवायची नाही.”

“किती वर्सं?”

“डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत. कदाचित कायमच.”

“आन् घेतली की काय व्हत नाय?”

“गेली कित्येक वर्षं नाही झालं. चुकवली तर होईल. पुढचं काय विचारायचं ते डॉक्टरांना विचारा, दोघांनी जाऊन.”

त्याने पुन्हा फळ्याकडे पाहिलं. ओठ हलवत मनाशी हिशोब केला, महिन्याचा असावा. मग म्हणाला, “माज्या बिड्यांना यापेक्षा जास्ती जातात.”

“त्या बंद करा,” सुली म्हणाली.

त्याने पैसे दिले, मी बांधून दिलेली महिन्याची पुडी घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून गुंडी लावली.